काम घरात, पैसे वाटेत

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : फ्रीलान्सिंग

नीती आयोगाच्या जून २०२२च्या अहवालात २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार (पगारी नोकरी नाही, कामागणिक पैसे घेणारे) असल्याचा अंदाज होता, आणि २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असं म्हटलं होतं. त्यात दुचाकीवरून पार्सल पोचवणारे आले, तसे विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये बसून परदेशी कंपनीसाठी कोड लिहिणारेही आले. हे सदर दुसऱ्या गटासाठी आहे. सातारा-सांगलीहून आलेल्या पत्रांत ‘काम कुठे मिळेल’ हा प्रश्न फारसा नाही. काम मिळालंय, झालंय, दिलंय. पैसे मात्र मध्येच कुठेतरी गळतात किंवा अडकतात.

प्रश्न : मी साताऱ्यात व्हिडिओ एडिटिंग करते. पेढेवाले, कपड्यांची दुकानं, क्लासवाले एका रीलला ५०० रुपयांवर जात नाहीत. पुण्यात २,००० मिळतात म्हणे. माझा दर किती असावा?

पुण्याचा दर बाजूला ठेवा, आधी तुमच्या तासाची किंमत काढा. समजा घरखर्चासाठी महिन्याला ३०,००० लागतात. धंद्याचा खर्च असा : ६०,००० चा लॅपटॉप चार वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,२५०, घरचं इंटरनेट आणि दुसरं सिम मिळून १,१००, वीज ९००, सॉफ्टवेअर २,५००, बॅकअपला ५००, हिशेब आणि रिटर्नचे १,०००. हे झाले ७,२५०. विमा, आजारपण आणि काम नसलेल्या दिवसांसाठी ७,७५० बाजूला टाकले की आकडा ४५,००० वर येतो.

आता तास मोजा. इथे बहुतेकांचं चुकतं. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास म्हणून २०० तास धरतात आणि दर काढतात २२५ रुपये. पण फोन, कोटेशन, फाइलींची शोधाशोध, पैशांचा तगादा, नवीन शिकणं यात जवळजवळ निम्मा वेळ जातो आणि त्याचं बिल कोणाला लावता येत नाही. बिल लावता येतील असे तास ११० च्या पुढे क्वचितच जातात. ४५,००० भागिले ११० म्हणजे ४०९, धरा ४१० रुपये तास.

तीस सेकंदांच्या रीलला फूटेज बघून निवडायला पाऊण तास, कापाकापी आणि जोडणीला दीड तास, आवाज आणि मजकुराला पाऊण तास, गिऱ्हाइकाच्या बदलांना अर्धा तास. एकूण साडेतीन तास, म्हणजे १,४३५ रुपये. तेच ५०० ला दिलं की तुमचा तास १४३ रुपयांना गेला.

दुकानदाराशी भाव वाढवून मागत बसू नका, त्याला ५०० मध्ये काय मिळेल ते सांगा. ४१० च्या दराने ५०० रुपयांत सव्वा तास येतो. तेवढ्यात तयार टेम्प्लेट, एकच गाणं, फूटेज दुकानदाराने निवडून दिलेलं आणि बदलाची एकच फेरी बसते. दुसरा मार्ग महिन्याच्या गठ्ठ्याचा. आठ रील, एकाच दिवशी शूटिंग, एकच मांडणी. मग प्रत्येक रीलला दोन तास पुरतात आणि आठांचे ६,५६० होतात. दुकानदारालाही एकेक रील सांगण्यापेक्षा हे सोयीचं पडतं.

बदलांबद्दल काम सुरू होण्याआधीच व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा : ‘दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत. एक फेरी म्हणजे सगळे बदल एकाच मेसेजमध्ये. पुढच्या प्रत्येक फेरीला २५० रुपये.’ हे लिहिलेलं नसेल तर रात्री साडेदहाला दुकानदाराच्या मेव्हण्याला रंग आवडत नाही आणि ती सातवी फेरी असते. आगाऊ निम्मे घ्या. उरलेले येईपर्यंत फाइल वॉटरमार्कसहच पाठवा.

प्रश्न : परदेशी साइटवरून ५०० डॉलरचं वेबसाइटचं काम केलं. डॉलरचा भाव बघता जितके व्हायला हवे होते त्यापेक्षा बरेच कमी बँकेत आले. कुठे गेले? — सांगली

सौद्यात हळद विकली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वर भाव आणि वजन, खाली हमाली, तोलाई आणि काय काय वजा झालं ते, शेवटी हाती पडणारी रक्कम. प्रत्येक परदेशी कामाची अशी पट्टी स्वतः मांडा, कारण साइट ती एका जागी दाखवत नाही.

हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपयांना धरू. ५०० डॉलरचे ४५,००० व्हायला हवेत. साइटचं कमिशन १० टक्के धरलं तर ५० डॉलर गेले, उरले ४५०. रुपयांत बदलताना बाजारभावापेक्षा साधारण ३ टक्के कमी भाव लागला, म्हणजे ८७ रुपये ३० पैसे. हातात ३९,२८५. वाटेत ५,७१५ गेले, जवळजवळ १२.७ टक्के. कमिशन सगळ्यांना दिसतं. भावातली तफावत कुठे ‘शुल्क’ म्हणून लिहिलेली नसते, त्यामुळे ती नजरेतून सुटते. पैसे येतील त्या दिवशीचा बाजारभाव टिपून ठेवा आणि दोन-तीन मार्गांची तुलना करा. प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क लागत असेल तर पन्नास-पन्नास डॉलर काढू नका, साठवून एकदम काढा.

कमिशन साइटगणिक बदलतं. फायवरचं २० टक्के आहे. अपवर्कवर २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झालं, मे २०२५ पासून नव्या करारांना ते कामागणिक शून्य ते १५ टक्के लागतं. म्हणून बोली लावण्याआधी कमिशनचा आकडा बघा आणि तो दरात मिळवा. हाती ४५० हवेत आणि कमिशन २० टक्के, तर बोली ५६२.५० ची. पुष्कळ जण ४५० मध्ये २० टक्के मिळवून ५४० लिहितात आणि हाती ४३२ च पडून अठरा डॉलरला मुकतात. मिळवायचं नसतं, ०.८ ने भागायचं असतं.

तारखांचंही गणित आहे. फायवरवर ऑर्डर पूर्ण झाली तरी साधारणपणे १४ दिवस पैसे मोकळे होत नाहीत. अपवर्कच्या तासाच्या कामात आठवडा जागतिक वेळेने रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला, आणि ते पैसे हाती यायला पुढे दहा दिवस लागतात. ठोक रकमेच्या कामात तर त्या टप्प्याचे पैसे क्लायंटने साइटकडे आधी भरलेत की नाही ते बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नका. ‘सुरू करा, भरतोच’ म्हणणाऱ्याने नाही भरले तर साइटही काही करू शकत नाही.

बँक ‘पर्पज कोड’, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, विचारेल. सॉफ्टवेअरच्या कामाला पी०८०२, जाहिरातीच्या कामाला पी१००७. घाईत कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेल्या पैशांचा कोड लावून टाकणारे बरेच आहेत. पैसे जमा होतात, पण ती सेवेची निर्यात होती हे पुढे कागदावर सिद्ध करताना नाकीनऊ येतात. प्रत्येक रकमेचं परकीय जमा-सूचनापत्र, ज्याला फिरा म्हणतात, ते त्याच महिन्यात उतरवून घ्या.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची आहे आणि ती मोजताना ३९,२८५ नाही, पूर्ण ५०० डॉलर धरायचे. कमिशन हा तुमचा खर्च. मर्यादा ओलांडून नोंदणी झाली तरी निर्यातीवर कर शून्य असतो. फक्त दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी म्हणजे हमीपत्र नव्याने भरायचं. मागच्या वर्षीचं या वर्षी चालत नाही.

प्रश्न : कुपवाडच्या एका कंपनीसाठी उत्पादनांचा कॅटलॉग आणि वेबसाइट केली. ६०,००० चं बिल. चार महिने झाले, ‘मार्चनंतर बघू’ चाललंय. छोट्या माणसाने काय करायचं? — मिरज

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, केली आहे का? ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून फुकट होते. पैसे मागणारी साइट उघडली तर ती दलालाची आहे, बंद करा. एकटा फ्रीलान्सरही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद होतो.

नोंदणी काम देण्याच्या आधीची असावी. आधीच्या बिलांना नंतरची नोंदणी लागू होते का यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. तुम्हाला त्यात पडायचं नाही.

नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. मुदतीचा लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला हवेत. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढची मुदत चालत नाही. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम पोचवलं तोच स्वीकाराचा दिवस. म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन देऊ नका. ईमेलवर पाठवा, तारीख आपोआप पडते.

मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर ५.५ टक्के धरला तर व्याज १६.५ टक्के. ६०,००० वर चार महिन्यांचं सुमारे ३,३७० होतं. रक्कम छोटी आहे, पण नोटिशीत हा आकडा गणितासकट लिहिला की हिशेब विभागाचा सूर बदलतो.

व्याजाहून धारदार हत्यार आयकराचं आहे. २०२३-२४ पासून कलम ४३बी(एच) मुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा घालता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमाचा आकडा बदलला, गाभा नाही. तेव्हा ‘मार्चनंतर’ हे त्यांच्याच अंगलट येणारं आहे. ही गोष्ट मालकापेक्षा त्यांच्या सीएला कळवा, लवकर उमजेल. मात्र अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरणाऱ्या छोट्या दुकानदारावर हे हत्यार चालत नाही, कारण तो खर्च वेगळा दाखवतच नाही.

तरीही हालचाल नसेल तर एमएसएमईच्या पोर्टलवर अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करा. सोबत उद्यम प्रमाणपत्र, बिल, कामाची ऑर्डर आणि काम पोचल्याचा ईमेल. ऑर्डर फोनवर झाली असेल तर आजच एक मेल पाठवा : ‘अमुक तारखेला फोनवर ठरल्याप्रमाणे...’ त्याला आलेलं कुठलंही उत्तर पुरावा ठरतं, ‘हो, बघतो’ एवढं असलं तरी. इथून पुढे बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि ‘मुदत १५ दिवस’ अशी ओळ टाका.

प्रश्न : कराडच्या एका गूळवाल्यांना लोगो करून दिला, पैसेही मिळाले. आता ते मूळ फाइल फुकट मागतात आणि ‘लोगो आमचा झाला’ म्हणतात. खरं काय?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. बाहेरच्याने करून दिलेलं काम, वेगळा करार नसेल तर, करणाऱ्याचं. पैसे घेऊन केलेले फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट आणि चित्रफीत याला अपवाद आहेत, ते काम सांगणाऱ्याचं होतं. लोगो या अपवादात बसत नाही. हक्क द्यायचा तर कलम १९ प्रमाणे सहीचा लेखी कागद हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. गूळ निर्यात करणाऱ्याला हे सांगितलंत तर तो स्वतःच कागद मागेल.

कायदा तुमच्या बाजूने असला तरी गावातल्या गिऱ्हाइकाशी भांडण काढण्यात हशील नाही. ज्याला लोगो विकला त्याला तो वापरता यायलाच हवा. सगळे हक्क कायमचे आणि जगभरासाठी देण्याचा एक पानी कागद आणि मूळ फाइल यांची मिळून वेगळी किंमत सांगा. फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून द्या. विकत घेतलेल्या फॉन्टची फाइल सोबत देऊ नका, तुमचं लायसन्स दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न : वाईत राहून भाषांतरं करतो. एका प्रकाशन संस्थेने १,८०,००० मधून १८,००० कापले. शिवाय आता मशीनने भाषांतर करून ‘फक्त तपासून द्या’ म्हणतात, दर निम्म्याहून कमी.

विश्वकोशाच्या गावातून हा प्रश्न यावा यात नवल नाही. आधी कपात. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, आहे, एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या वर मिळत असेल तर. ही मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये ३०,००० वरून वाढली. पॅन दिला नसता तर २० टक्के कापले असते. हा पैसा बुडालेला नाही. तुमचं वर्षाचं सगळं मिळून उत्पन्न चार लाख असेल तर कर शून्य, पण रिटर्न भरल्याशिवाय परतावा येत नाही. भरण्याआधी फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, १८,००० ची नोंद तुमच्या पॅनवर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर संस्थेने भरणा केलेला नाही किंवा पॅन चुकवलाय, पाठपुरावा त्यांच्याकडेच. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. परतावा अडकण्याचं हे हमखास कारण आहे, दुसरं म्हणजे पोर्टलवर पडताळणी न केलेलं बँक खातं.

सॉफ्टवेअरवाल्यांचं ऐकून ‘निम्मं उत्पन्न दाखवायचं’ ही ४४एडीएची (जुन्या आयकर कायद्यातल्या कलमाची) सवलत घेऊ नका. ती इंजिनिअर, वकील, डॉक्टर, आयटी अशा ठरावीक व्यवसायांना आहे. भाषांतर त्या यादीत नाही. खरा जमाखर्च बिलांसकट ठेवा.

आता मशीनचं. ‘फक्त तपासणं’ शब्दावर घेऊ नका, तासावर घ्या. घेण्याआधी मधला कुठला तरी ३०० शब्दांचा तुकडा मागा आणि घड्याळ लावून तपासा. पहिलं पान नको, ते बहुतेक वेळा सोपं असतं. मराठीत मशीन कुठे घसरतं हे ठाऊक असलं की वेळेचा अंदाज बरोबर येतो. इंग्रजीला एकच ‘वुई’ आहे, आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’. रुग्णालयाच्या पत्रकात ‘उद्या सकाळी आपण रक्त घेऊ’ असं आलं की वाचणाऱ्याला कळत नाही कोणी घ्यायचं. लिंग वाक्याच्या मध्यावर बदलतं, ‘तुम्ही’ची ‘तू’ होते. सगळ्यात धोक्याचे आकडे : ‘दर दोन तासांनी’चं ‘दिवसातून दोनदा’ झालेलं वाक्य व्याकरणात निर्दोष असतं, म्हणून नजर त्यावर अडत नाही. औषध, कायदा आणि यंत्रांच्या माहितीपत्रकात प्रत्येक आकडा मुळाशी ताडून बघावाच लागतो आणि तो वेळ दरात यायला हवा. तीनशे शब्दांना चाळीस मिनिटं लागली तर मशीनने तुमचं काही वाचवलेलं नाही. पूर्ण दर सांगा.

प्रश्न : जत तालुक्यात आहे. वीज गेली की काम थांबतं, क्लायंट थांबत नाही. इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा?

१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही काही खातो, तेव्हा १,१०० च्या आसपास धरा. लॅपटॉप ६५, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरची डबी २०, पंखा ६० असे १७० वॉट. साडेसहा तास निघतात. ग्राफिक्स कार्डाचा डेस्कटॉप ३५० वॉट ओढत असेल तर मॉनिटर, राउटर आणि पंख्यासह अडीचही नाहीत. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरचा खटका ‘यूपीएस’वर ठेवा, नाहीतर वीज जाताना मशीन रीस्टार्ट होतं. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलात तर उत्तमच.

पण तुमच्या घरी दिवा असून भागत नाही. फायबरच्या पलीकडच्या टोकालाही वीज लागते. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम हवं, आणि त्याचा डाउनलोड नाही, अपलोडचा वेग मोजून घ्या. ५ एमबीपीएसने ४ जीबीची फाइल चढायला पावणेदोन तासांहून जास्त लागतात. मुदत संध्याकाळी सहाची असेल तर तुमची मुदत चारची समजा.

प्रश्न : घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम म्हणून २,५०० भरले. काम दिल्यावर ‘चुका जास्त’ म्हणून पैसे नाहीत, उलट वकिलाची नोटीस : करार मोडला, ४८,००० भरा नाहीतर अटक. — विटा

भरू नका. एक रुपयाही नाही, ‘तडजोडीचे ५,०००’ सुद्धा नाहीत. एकदा भरलेत की दुसरी नोटीस येते.

या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. मजकूर मुद्दाम वाचता न येणारा, अचूकता ९९ टक्के मागितलेली आणि ती मोजणारे तेच. खरा क्लायंट काम देताना पैसे देतो, घेत नाही. नोंदणी, किट, प्रशिक्षण, सुरक्षा ठेव, नाव काहीही असो. खाजगी कराराचं पालन झालं नाही हा फार तर दिवाणी वाद आहे, त्यात व्हॉट्सअॅपवरून अटक होत नाही.

१९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. आधी चॅट, भरलेल्या पैशांचा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, नोटीस आणि फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक त्यानंतर करा. त्यांना आधार-पॅन दिलं असेल तर बँकेला कळवा. आणि हीच मंडळी पुढे ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, कमिशन घ्या’ असं सुचवतात. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात, गोठवलं जातं तुमचं खातं, आणि दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन येतो तो तुम्हाला.

थोडक्यात

*व्यवसाय कर लागतो का?* (कोरेगाव) लागतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला पीटीईसी म्हणजे व्यवसाय कराच्या नोंदणीखाली वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून.

*आगाऊ कर?* (तासगाव) टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना हप्ते. अंदाजित उत्पन्नाची योजना घेतली असेल तर एकदाच, १५ मार्चपर्यंत.

*भारतातल्या क्लायंटकडून पेपालवर पैसे घेता येतील?* (फलटण) नाही. १ एप्रिल २०२१ पासून पेपालने देशांतर्गत व्यवहार बंद केले. यूपीआय किंवा थेट बँक खातं द्या, आणि घरच्या व्यवहारांपासून ते खातं वेगळं ठेवा.